नकार द्या, पण कारण द्या!

'इनक्युबेटर' हा शब्द स्टार्टअपच्या लाटेबरोबर आपल्याकडे आला असं आपल्याला वाटतं. पण कोल्हापूरच्या आसपासच्या कुठल्याही हॅचरीवाल्याला विचारा, त्याच्याकडे तो कधीचाच आहे. अंडी उबवायचं मशीन! साडेसदतीस अंशांच्या आसपास तापमान, हवेत योग्य ओलावा, अंडी मधूनमधून फिरवायची आणि २१ दिवस धीर धरायचा. अंडं आत ठेवण्याआधी तो त्याला "पाच वर्षांनी तुझा रेव्हेन्यू किती असेल?" असं विचारत नाही. मात्र सात-आठ दिवसांनी प्रत्येक अंडं उजेडासमोर धरून बघतो. आत जीव धरलेला दिसला नाही तर ते बाजूला काढतो. म्हणजे निवड तोही करतो. पण उजेडात धरून करतो.

आपल्या इनक्युबेटरमध्ये निवड कशात धरून करतात, हा ह्या लेखाचा विषय आहे.

मित्रांनो, सध्या आपल्या होस्टेलमध्ये दर तिसऱ्या खोलीत एक फाउंडर राहतो. (त्यातल्या निम्म्यांचे विषय राहिलेत, तो भाग वेगळा!) मेसच्या रांगेत पूर्वी म्हणे "जीआरई देणार का?" असं विचारायचे, आता "तुझी आयडिया काय?" विचारतात. हे वारं आपोआप सुटलेलं नाही. १६ जानेवारी २०१६ ला केंद्र सरकारने 'स्टार्टअप इंडिया' सुरू केलं. त्याच काळात अटल इनोव्हेशन मिशन आलं, विज्ञान-तंत्रज्ञान खात्याचा 'निधी' कार्यक्रम आला. त्यातल्या 'निधी-प्रयास'मध्ये प्रोटोटाइप बनवायला १० लाखांपर्यंत मदतीची सोय ठेवली. २०१८ मध्ये महाराष्ट्राने स्वतःचं स्टार्टअप धोरण जाहीर केलं. २०२१ मध्ये केंद्राने ९४५ कोटींची सीड फंड योजना आणली. तिच्यात कल्पना सिद्ध करायला २० लाखांपर्यंत अनुदान आणि पुढे ५० लाखांपर्यंत कर्जरूपाने मदत, अशी तरतूद होती.

आकडे ऐकून छाती फुगते. पण ह्यातला बराचसा पैसा फाउंडरच्या हातात थेट येत नाही, तो इनक्युबेटरमार्फत येतो. म्हणजे इनक्युबेटर हा दरवाजा झाला. आता दरवाजावर कोण बसलंय, तो काय बघून आत सोडतो आणि काय बघून परत पाठवतो, हे विचारायला नको का? आपण फक्त निवड झालेल्यांचे फोटो बघतो. हातात मोठ्या आकाराचा चेक, मागे फ्लेक्स, गळ्यात शाल. त्या फोटोच्या बाहेर जे उभे असतात त्यांना काय सांगून घरी पाठवलं, हे कोणी छापत नाही. म्हणून मी लिहिते.

आम्ही चौघे आहोत. दोन मेकॅनिकलचे, मी ईअँडटीसीची आणि एक कॉम्प्युटरचा. आमचं यंत्र गुऱ्हाळासाठी आहे. कोल्हापुरात राहून गुऱ्हाळ न बघितलेली मुलं होस्टेलमध्ये बरीच आहेत, म्हणून थोडक्यात सांगते. उसाचा रस काहिलीत उकळतो. वर येणारी मळी भेंडीच्या रसाने गोळा करून काढून टाकतात. चुलवाणात चिपाडाचा जाळ चालूच असतो. रस आटत आटत पाकाला येतो. काकवी हवी असेल तर १०५-१०६ अंशांच्या आसपास थांबायचं, आणि घट्ट गुळाचा रवा पाडायचा असेल तर साधारण ११८ अंशांपर्यंत जायचं. दोन-तीन अंश इकडे-तिकडे झाले तर गूळ एकतर चिकट राहतो किंवा करपून काळा पडतो, आणि मार्केट यार्डात सौद्याला भाव पडतो. हा क्षण ओळखणारा माणूस म्हणजे गुळव्या. तो पाकाचा थेंब गार पाण्यात टाकतो, बोटांत गोळी वळून बघतो आणि सांगतो, "उतरा!" त्याच्या बोटांत थर्मामीटर असतं. अडचण एवढीच की अशी बोटं कमी होत चालली आहेत. मुरलेल्या गुळव्यांची मुलं हा धंदा करायला तयार नाहीत, आणि मजुराअभावी कितीतरी गुऱ्हाळं बंद पडली.

आम्ही काय केलं? एक थर्मोकपल, एक छोटा बोर्ड, आकडे दाखवणारा डिस्प्ले आणि पाक जवळ आला की वाजणारा बझर. रॉकेट सायन्स नाही. सगळं मिळून ३,००० रुपयांच्या आत बसवलं. थर्मोकपलसाठी स्टेनलेसची नळी आणि काहिलीच्या काठाला बसणारा क्लॅम्प उद्यमनगरात एका मित्राने करून दिला. तो आयटीआयचा फिटर आहे, आमच्याच वयाचा. त्याने पैसे घेतले नाहीत, "चाललं तर सांगा" एवढंच म्हणाला.

मग आम्ही राज्यातल्या एका इनक्युबेशन सेंटरला अर्ज केला. नाव लिहीत नाही, कारण मुद्दा एका सेंटरचा नाही. फॉर्म इंग्लिशमध्ये होता, ११ पानी. एकूण बाजारपेठ किती, त्यातली तुम्हाला गाठता येणारी किती, त्यातली प्रत्यक्ष मिळणारी किती? स्पर्धकाला अडवणारा तुमचा खंदक कोणता? पाच वर्षांचा ताळेबंद? टीमचा लिंक्डइन? यंत्राबद्दल एकूण प्रश्न दोन. यंत्र चालतं का, कुठे चालवून बघितलं, वापरणारा काय म्हणाला, हे विचारणारी एकही चौकट त्या ११ पानांत नव्हती.

तरी आमची पहिल्या फेरीतून निवड झाली. सादरीकरणाला ५ मिनिटं आणि प्रश्नांना ३ मिनिटं. आम्ही यंत्र पिशवीतून घेऊन गेलो होतो. सोबत छोटी शेगडी आणि काकवीची बाटली पण होती, म्हणजे तिथेच चालवून दाखवता आलं असतं. "स्लाइडवरच राहा" असं सांगण्यात आलं. प्रश्न तीन आले. ॲप आहे का? ह्यात एआय कुठे आहे? आणि गुऱ्हाळंच बंद पडली तर? तिसरा प्रश्न खरोखर चांगला होता, त्याचं उत्तर द्यायला मी तोंड उघडलं आणि घंटा वाजली.

७८ दिवसांनी ईमेल आला. चार ओळी. मोठ्या संख्येने अर्ज आले, आपल्या प्रयत्नांचं कौतुक आहे, ह्या वेळी आपली निवड होऊ शकली नाही, वैयक्तिक कारणं कळवणं शक्य नाही. खाली सही पण नाही.

आता कोणी म्हणेल, "सिलेक्शन झालं नाही म्हणून रडतेय." तसं नाही. नाकारलं ह्याचं दुःख दोन दिवस झालं, तिसऱ्या दिवशी सबमिशन होतं. राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. ७८ दिवस, ११ पानं, पुण्या-मुंबईकडचा रात्रीचा एसटी प्रवास, आणि ह्या सगळ्यातून आम्हाला एका ओळीचंही ज्ञान मिळालं नाही. यंत्र वाईट? मार्केट छोटं? टीम कच्ची? का फक्त जागा भरल्या? ह्या चार कारणांवरचे उपाय चार वेगवेगळे आहेत. यंत्र वाईट असेल तर यंत्र सुधारायचं, मार्केट छोटं असेल तर दुसरं शोधायचं, जागा भरल्या असतील तर पुढच्या वर्षी यायचं. कारणच माहीत नसेल तर करायचं काय? मग मुलं एकच गोष्ट करतात. स्लाइड बदलतात! आधी 'थर्मोकपल' लिहिलेलं असतं तिथे 'एआय-बेस्ड' लिहितात. यंत्र तेच. असे अर्ज मी होस्टेलमध्ये डोळ्यांनी बघितलेत. कारण न सांगता नाकारलं की माणूस सुधारत नाही, नुसता अंदाज बांधायला शिकतो.

ह्याच्या उलट अनुभव आम्हाला एका गुऱ्हाळावर आला. वडणग्याच्या बाजूला आमच्यातल्या एकाच्या चुलत्यांचं गुऱ्हाळ आहे. काम भल्या पहाटे सुरू होतं, आणि आमच्या लेडीज होस्टेलचं गेट उघडतं सहाला. रेक्टर मॅडमकडे परवानगी मागायला गेले. त्यांनी आधी "नाही" म्हटलं, कारणही सांगितलं. पहाटे एकटीने जायचं नाही. मग मैत्रीण सोबत घेतली, चुलत्यांचा फोन लावून दिला, परवानगी मिळाली. (बघा, कारण कळलं की वाट निघते ती अशी!)

तिथले गुळव्या मामा साठीच्या पुढचे. त्यांनी तीन आधणं यंत्र लावून बघितलं आणि चौथ्याला काढून ठेवलं. म्हणजे त्यांनीसुद्धा आम्हाला रिजेक्टच केलं. पण कसं? जाळ जरा कमी करायला सांगून ते आमच्याकडे वळले आणि म्हणाले, "पोरी, मशीन गुणाचं हाय. पण वाफंत ह्यो आकडा दिसायचा कुणाला? दुसरं, तुजी नळी बुडाला टेकती, तितं जाळ लागतोय, वर पाक अजून कच्चाच हाय. आन् तिसरं, खारवट रानातल्या उसाला न् ह्या उसाला येकच आकडा कसा चालंल?"

चार वाक्यं. पैकी पहिल्या वाक्यात कौतुक, बाकीच्या तिनांत तीन कारणं. फॉर्म नाही, फी नाही, ७८ दिवस नाहीत. आम्ही तिथेच वहीत लिहून घेतलं. डिस्प्ले लांब वायर लावून खांबावर नेला, आकडे मोठे लाल केले. क्लॅम्पला अडण घालून नळीचं टोक तळापासून वर धरलं. आणि तिसऱ्या मुद्द्यासाठी एक बटण फिरवायची सोय दिली. बझर कितीला वाजवायचा हे आता आम्ही ठरवत नाही, गुळव्या त्या दिवशीचा ऊस बघून ठरवतो. हे तिसरं सुचवायला आयआयटीचा प्रोफेसर लागला असता, असं आमच्या गाईड सरांचं म्हणणं. सध्या ते यंत्र मामांच्या गुऱ्हाळावर टांगलेलं आहे. ते स्वतः त्याच्याकडे बघत नाहीत, पण काहिलीवर नवखा पोरगा उभा असला की लावतात. दुसऱ्या एका गुऱ्हाळाने मागून घेतलं. तिसऱ्याने परत केलं, आणि त्यानेही का ते सांगितलं. वायर उंदरांनी कुरतडली!

आता दुसरी बाजू. इनक्युबेटरवाल्यांची अडचण मला कळत नाही असं नाही. जागा मोजक्या असतात. पैसा सरकारचा म्हणजे जनतेचा असतो, त्याचा हिशोब द्यावा लागतो, म्हणून समिती, गुणतक्ते, कागद हे सगळं लागतं. पॅनेलवर बसणारे पुष्कळदा सुट्टीचा दिवस मोडून फुकट येतात. आणि खरं सांगायचं तर आलेल्या अर्जांतले बरेच नाकारण्याच्याच लायकीचे असतात. (आपल्या होस्टेलमधूनच किती 'मेसच्या रांगेसाठी ॲप' गेलेत, मोजा.) शिवाय, "कारण सांगितलं की वाद घालत बसतात" ही त्यांची तक्रार पण खोटी नसणार. म्हणून "सगळ्यांना घ्या" असं मी म्हणतच नाही. नकार हा निवडीचा भागच आहे. माझं म्हणणं एवढंच की नकार हा सुद्धा इनक्युबेटरने दिलेल्या सेवेचा भाग आहे. शंभर जण येतात, दहा आत जातात. नव्वद जणांना तुमच्याकडून जे मिळतं ते फक्त तो ईमेल असतो.

जगात सगळ्यात जास्त मागणी असलेलं ठिकाण म्हणजे अमेरिकेतलं वाय कॉम्बिनेटर. तिथे निवड होणं आपल्या जेईईपेक्षा सोपं नाही. तरी मुलाखतीपर्यंत पोचून नाकारलेल्यांना ते थोडक्यात कारण ईमेलने कळवतात. त्यांच्या २००५ सालच्या पहिल्याच तुकडीतली गोष्ट आहे. कॉलेज संपवणारी दोन मुलं फोनवरून जेवण मागवायची कल्पना घेऊन आली. त्यांना नकार मिळाला. पण नकार कल्पनेला होता, मुलांना नव्हता, आणि हे त्यांना सांगण्यात आलं. दुसऱ्याच दिवशी पॉल ग्रॅहम यांनी फोन केला, कल्पना बदला आणि या. ती मुलं परत फिरली. त्यातून 'रेडिट' झालं. कारण सांगितलं नसतं तर दोघंही जेवणाच्या स्लाइड्स घासत बसली असती.

आणखी एक उदाहरण मला फार आवडतं. बेसेमर व्हेंचर पार्टनर्स ही जुनी गुंतवणूक कंपनी आपण नाकारलेल्या कंपन्यांची यादी स्वतःच जाहीर करते. 'अँटी-पोर्टफोलिओ' असं तिचं नाव. त्यात ॲपल आहे, गूगल आहे, फेडेक्स आहे. फेडेक्सला तर त्यांनी सात वेळा नाही म्हटलं. गूगलची गोष्ट ते स्वतःच सांगतात. त्यांच्या एका भागीदाराच्या मैत्रिणीने आपलं गॅरेज गूगलच्या दोघांना भाड्याने दिलं होतं. ती म्हणाली, चल, त्यांना भेट. ह्या साहेबांनी उलट गॅरेजच्या बाजूला न जाता घराबाहेर पडायची वाट विचारली! एवढ्या मोठ्या कंपनीला आपली चूक जगासमोर ठेवताना लाज वाटत नाही, कारण तिला माहीत आहे की निवडणाऱ्यालाही शिकायचं असतं. आपल्याकडे कुठल्या इनक्युबेटरने पाच वर्षांपूर्वी नाकारलेल्यांचं पुढे काय झालं हे तपासून छापलंय, असं मी तरी अजून वाचलेलं नाही.

बाहेरची उदाहरणं पुरे. आपल्याच मातीतली बघू. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत होते. बढतीची वेळ आली तेव्हा त्यांना डावलून अँग्लो-इंडियन माणसाला घेतलं. त्यांनी नोकरी सोडली आणि बेळगावला सायकलचं दुकान काढलं. पुढे लोखंडी नांगर केला. शेतकरी घेईनात. का घेत नाही हे मात्र ते तोंडावर सांगत. लोखंडाने जमीन विषारी होते, पीक जळतं. कारण चुकीचं होतं, पण कळलेलं होतं. त्यामुळे लढायचं कशाशी हे माहीत होतं. पहिला नांगर विकायला दोन वर्षं लागली. पुढे १९१० मध्ये औंधच्या राजांनी जागा आणि मदत दिली आणि माळरानावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. कोल्हापूरहून रेल्वेने पुण्याला जाताना ते स्टेशन लागतं, आपण वडापाव खात खात ओलांडतो.

दादासाहेब फाळक्यांचंही तसंच. १९१२ मध्ये ते लंडनहून कॅमेरा घेऊन आले. भारतात सिनेमा काढायचा म्हटल्यावर पैसे कोण देणार? त्यांनी मोठाली भाकितं सांगितली नाहीत. कुंडीत वाटाणा पेरला आणि तो उगवून वाढताना महिनाभर थोडं थोडं चित्रण केलं. पडद्यावर डोळ्यांदेखत रोप वाढताना बघून पैसेवाला तयार झाला. बाकीच्या पैशासाठी सरस्वतीबाईंनी दागिने गहाण ठेवू दिले. ३ मे १९१३ ला 'राजा हरिश्चंद्र' लागला. आणि आपले बाबूराव पेंटर! कोल्हापुरात बसून त्यांनी कॅमेरा स्वतः तयार केला. पैसा दिला कोणी? तानीबाई कागलकर ह्या गायिकेने. १९२० मध्ये 'सैरंध्री' आला. सावकार कॅमेऱ्याचा एक्स्पर्ट नव्हता, गायिका इंजिनिअर नव्हती. पण त्यांनी वस्तू बघितली, माणूस बघितला आणि ठरवलं. वाटाण्याचं रोप पडद्यावर बघायचं सोडून फाळक्यांना कुणी "स्लाइडवरच राहा" म्हटलं असतं तर?

आता एक गोष्ट लिहिताना मला थोडं अवघड वाटतंय, पण लिहिते. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. ते ११ पानी इंग्लिश मला सहज भरता आलं. खंदक, बाजारपेठ, ताळेबंद, सगळं छान गुळगुळीत लिहिलं, म्हणून तर आम्ही पहिल्या फेरीतून पुढे गेलो. पण ज्याने क्लॅम्प केला त्या मित्राकडे स्वतःची आयडिया आहे. फौंड्रीत मोल्डिंगच्या वाळूतला ओलावा कमी-जास्त झाला की कास्टिंगला भोकं पडतात. ते आधीच ओळखायचं एक साधं गेज त्याने भंगारातल्या वस्तूंतून केलंय. शिरोली, गोकुळ शिरगावच्या फौंड्र्यांत ह्याची किती गरज आहे हे मेकॅनिकलच्या मुलांना सांगायला नको. त्याने तोच फॉर्म उघडला, तीन पानं वाचली आणि बंद केला. त्याला ईमेलने नकार पण मिळाला नाही. तो मोजलाच गेला नाही! मी आणि तो ह्यांत जास्त चांगला इंजिनिअर कोण, हे मी इथे लिहीत नाही, घरचे वाचतील. पण चाळणी अशी आहे की मी वर राहते आणि तो खाली पडतो. ज्या गावात म्हादबा मेस्त्री, वाय. पी. पोवार ह्यांची नावं आजही उद्यमनगरात आदराने घेतली जातात, तिथे तरी हे खटकायला हवं. ह्या माणसांना कुणी पिच डेक मागितला असता तर उद्यमनगर झालं असतं का?

मग करायचं काय? माझ्या मागण्या चारच आहेत आणि एकीलाही जादा पैसे लागत नाहीत.

पहिली, कारण द्या. निबंध नको, तीन ओळी. गुणतक्ता तुम्ही भरताच, तोच कॉपी करून पाठवा. विद्यापीठाच्या पेपरात कमी मार्क पडले तर आपण फी भरून फोटोकॉपी मागवतो. सीबीएसईच्या एका खटल्यात सुप्रीम कोर्टाने ऑगस्ट २०११ मध्येच सांगितलंय की आपली तपासलेली उत्तरपत्रिका बघायचा हक्क विद्यार्थ्याला माहितीच्या अधिकारात आहे. शंभर मार्कांच्या पेपरला हा न्याय, तर दोन वर्षांच्या मेहनतीला का नको?

दुसरी, वस्तू बघा. हार्डवेअरच्या टीमला ५ मिनिटं स्लाइडला देता, ती यंत्राला द्या. शक्य असेल तर पॅनेलने एक दिवस वर्कशॉपमध्ये, शेतावर, फौंड्रीत यावं. आम्ही चहा पाजू. गुळाचा!

तिसरी, फॉर्म मराठीत पण ठेवा आणि तोंडी सांगायची सोय ठेवा. ज्याला वाळूतला ओलावा हाताने कळतो त्याला खंदकाची इंग्लिश व्याख्या पाठ असायलाच हवी असं नाही.

चौथी, नाकारलेल्यांची वही ठेवा. दर वर्षी मागे वळून बघा, कोण तुमच्याशिवाय उभं राहिलं. ती यादी वाचून पुढच्या वर्षीचं पॅनेल नक्की शहाणं होईल.

आणि पैशापेक्षा मोठी एक मदत असते, गिऱ्हाईक. ह्या बाबतीत महाराष्ट्र स्टार्टअप वीकची पद्धत मला पटली. शंभर स्टार्टअपना सादरीकरणाला बोलवायचं, त्यांतून २४ निवडायचे आणि त्यांना १५ लाखांपर्यंतची सरकारी वर्क ऑर्डर द्यायची, अशी ती योजना आखली गेली. म्हणजे बक्षीस काय, तर काम! करून दाखव आणि पैसे घे. ह्यात जिंकणाऱ्यालासुद्धा सिद्ध व्हावंच लागतं.

आता आपल्याबद्दल दोन शब्द. इनक्युबेटरचं पत्र म्हणजे आपल्या आयडियाला मिळालेला जन्माचा दाखला नव्हे. पत्र आलं नाही म्हणून यंत्र कपाटावर टाकू नका. तुमची वस्तू ज्याच्यासाठी आहे त्याच्याकडे आधी जा. तो गुळव्या असेल, फौंड्रीतला मोल्डर असेल, महाद्वार रोडवरचा दुकानदार असेल. तो नाही म्हणेल, पण का नाही हे सांगितल्याशिवाय राहणार नाही. कोल्हापूरचा माणूस आहे, तोंडावर बोलणारच! त्याने दिलेल्या तीन नकारांचे कागद घेऊन मग इनक्युबेटरकडे जा. तिथेही नकार मिळाला तर एक ईमेल उलटा पाठवा, नम्रपणे, "कारण कळवावे." दहा जणांनी पाठवला तर दुर्लक्ष होईल. हजार जणांनी पाठवला तर फॉर्ममध्ये एक रकाना वाढेल.

सुरुवात आपल्याच घरापासून करता येईल. ह्या टर्मला आपल्या कॉलेजची प्रोजेक्ट स्पर्धा आहे. इनोव्हेशन सेल त्यातून सहा टीम निवडणार, म्हणजे बाकीच्या सगळ्यांना नकार मिळणार. आमच्या सर-मॅडमना माझी एकच विनंती आहे. परीक्षकांच्या गुणपत्रिकेत शेवटी 'कारण' नावाचा एक रकाना छापा, आणि तो भरल्याशिवाय पत्रिका जमा करून घेऊ नका. आमचे जर्नल तपासताना तुम्ही लाल पेनाने "आकृती परत काढा" असं लिहिता, तेव्हा आम्हाला राग येतो. पण आकृती आम्ही परत काढतो, आणि दुसऱ्या वेळी ती बरोबर येते.